पुतळ्यात नसलेली बाई

परदेशातल्या लिलावांच्या याद्या वाचायचा मला नाद आहे. घेण्यासाठी नाही हो, आपली कुठली ऐपत! पण सराफाच्या काचेपुढे उभं राहून आत न जाताही अर्धा तास सहज जातो ना, तसंच हे. हल्ली या याद्या फोनवरच उघडतात. त्यात जुनी घड्याळं असतात, चांदीचे चमचे असतात, राण्या-सरदारणींचे पंखे असतात आणि एक भलामोठा कप्पा घोड्यांचा असतो. शर्यतीच्या घोड्यांची तैलचित्रं आणि ब्राँझचे पुतळे. अमेरिकेत केंटकी राज्यात कीनलँड म्हणून ठिकाण आहे. तिथे खऱ्या घोड्यांचे लिलाव होतात. त्याच मंडपात २०१३ साली घोड्यांच्या चित्रांचा आणि पुतळ्यांचाही लिलाव सुरू झाला. म्हणजे आधी हाडामांसाचा घोडा विकायचा आणि मग त्याच चौकात त्याचा धातूचा भाऊ!

अशा याद्यांमध्ये एक नाव अधूनमधून भेटतंच. सेक्रेटरिएट. टेबलावर मावेल एवढा ब्राँझचा घोडा, कधी एकटा, कधी पाठीवर जॉकी. खाली चार ओळी. शिल्पकाराचं नाव, साल, उंची किती इंच, एकूण बारा किंवा पंधरा प्रतींपैकी ही कितवी, आणि अंदाजे किंमत. झालं. कुणी हात वर करतं, हातोडा पडतो, घोडा कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसतो.

त्या चार ओळींत जे लिहिलेलं नसतं त्याबद्दल मला आज बोलायचंय.

आधी घोडा कोण ते सांगते. अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी तीन मोठ्या शर्यती असतात. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट. तिन्ही शर्यती लांबीला वेगवेगळ्या आणि १९७३ साली त्या पाच आठवड्यांच्या आत उरकायच्या होत्या. तिन्ही जिंकणाऱ्याला 'ट्रिपल क्राऊन' म्हणतात. १९४८ नंतर पंचवीस वर्षं हा मान एकाही घोड्याला मिळाला नव्हता. १९७३ मध्ये सेक्रेटरिएटने तो मिळवला. डर्बी त्याने एक मिनिट साडेएकोणसाठ सेकंदांच्या आत संपवली. दोन मिनिटांच्या आत डर्बी पळणारा तो पहिला घोडा. त्यातही गंमत अशी की घोडे सुरुवातीला जोरात सुटतात आणि शेवटी दमतात, हा मात्र प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जास्त वेगात पळत गेला. ९ जूनला झालेली दीड मैलांची बेलमाँट त्याने दोन मिनिटं चोवीस सेकंदांत मारली आणि दुसऱ्या घोड्याला एकतीस लेंग्थ मागे टाकलं. एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, आठेक फूट. हिशेब करा. जवळजवळ अडीचशे फूट मोकळं मैदान मागे! जॉकी रॉन टरकॉट पळता पळता मान वळवून मैदानातलं घड्याळ बघतोय, असा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. बघायला मागे कुणी घोडाच नव्हता, तर बिचारा आणखी काय बघणार? या तिन्ही शर्यतींतले त्याचे विक्रम पन्नास वर्षं उलटून गेली तरी कुणी मोडलेले नाहीत.

रंग तांबूस, तीन पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे, कपाळावर चांदणी. लोक लाडाने 'बिग रेड' म्हणायचे. १९८९ मध्ये खुरांच्या आजाराने त्याला मरण द्यावं लागलं तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याचं काळीज नेहमीच्या घोड्यापेक्षा दुपटीहून मोठं वाटलं. त्यांनी ते वजन केलं नाही, अंदाज सांगितला तो बावीस पौंडांचा. शर्यतीच्या घोड्यांचं बहुधा डोकं, काळीज आणि खुरं एवढंच पुरतात. याला अख्खा पुरला.

आता नावाकडे या. सेक्रेटरिएट म्हणजे सचिवालय. आपल्या मुंबईतल्या मंत्रालयालासुद्धा पूर्वी सचिवालयच म्हणत असत. घोड्याला कधी कुणी 'सचिवालय' नाव ठेवतं का? फायली पुढे सरकत नाहीत म्हणून ज्याची ख्याती, ते नाव जगातल्या सगळ्यात वेगवान घोड्याला! त्याचं असं झालं की नाव मंजूर करणाऱ्या जॉकी क्लबने मालकांनी सुचवलेली नावं एकामागून एक परत पाठवली. शेवटी तबेल्याच्या कचेरीतल्या सेक्रेटरी एलिझाबेथ हॅम यांनी हे नाव सुचवलं आणि ते पास झालं. ह्या मिस हॅम कित्येक वर्षं त्या कचेरीचा पत्रव्यवहार, हिशेब, नोंदी सगळं बघत होत्या. जगभरच्या लिलावांत आज हातोडा पडताना जे नाव पुकारलं जातं, ते टाइपरायटरपुढे बसणाऱ्या एका बाईने दिलेलं आहे. मला तर वाटतं, गालात हसून दिलं असावं.

आणि आता खरी गोष्ट. मालकीण.

पेनी चेनरी. जन्म १९२२ चा. खरं नाव हेलन. वडील ख्रिस्तोफर चेनरी इंजिनिअर, उद्योगात पैसा कमावलेले. व्हर्जिनियातली पूर्वजांची हातची गेलेली जमीन त्यांनी १९३६ मध्ये परत विकत घेतली आणि तिथे घोडे पाळायला सुरुवात केली. 'द मेडो' हे त्या जागेचं नाव. पेनी शिकलेली होती, दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसतर्फे युरोपात जाऊन आली होती, कोलंबिया विद्यापीठात बिझनेसचं शिक्षणही घेत होती. मग लग्न झालं. नवरा वकील, जॉन ट्वीडी. कोलोराडोतल्या डेन्व्हर शहरात संसार, चार मुलं. वर्तमानपत्रं पुढे तिला कायम 'डेन्व्हरची गृहिणी' म्हणत राहिली. एवढं शिकून, युद्ध बघून आलेली बाई चार मुलांची आई झाली की बाकीचं सगळं पुसलं जातं. अमेरिका झाली म्हणून काय वेगळं?

१९६७ मध्ये आई गेली. त्याच सुमारास वडिलांची स्मृती जाऊ लागली आणि पुढच्या वर्षी ते इस्पितळात गेले ते कायमचेच. तबेला तोट्यात चालला होता. तीन भावंडं. भाऊ आणि बहीण म्हणत होते, विकून टाकू. त्यांचंही काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तोट्यातला धंदा, वडील कशालाच ओळखत नाहीत, प्रत्येकाचा आपापला संसार आहे. हिशेबाने विकणंच बरोबर होतं. पेनी म्हणाली, थोडं थांबा. मी बघते.

'मी बघते' म्हणणं सोपं आहे. बघणं किती अवघड ते ज्या बाईने सासर आणि माहेर अशी दोन दारं सांभाळली आहेत तिला विचारा. डेन्व्हर कुठे आणि व्हर्जिनिया कुठे! देशाच्या मध्यापासून पार पूर्वेच्या टोकाशी. विमानाने जायचं, घोड्यांच्या नोंदी, दाणावैरणीचे हिशेब, नोकरांचे पगार बघायचे, परत यायचं, मुलांच्या शाळा, पुन्हा जायचं. असं तिने वर्षानुवर्षं केलं. शर्यतीच्या धंद्यात त्या काळी बायका मालकीणी होत्या, नव्हत्या असं नाही. बहुतेक श्रीमंत घरच्या. निर्णय मात्र बाप्येच घेत. ही बाई स्वतः निर्णय घ्यायला आली, आणि तिला त्या धंद्यातले बारकावे शिकवायला कुणी टपून बसलेलं नव्हतं.

सेक्रेटरिएट तिच्या वाट्याला आला तोही कसा, ऐका. वडिलांच्या काळापासून एक करार होता. ऑग्डेन फिप्स या बड्या मालकाकडे बोल्ड रुलर नावाचा नामांकित घोडा होता. चेनरींनी आपल्या घोड्या त्याच्याकडे पाठवायच्या, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, होणारी शिंगरं दोघांनी वाटून घ्यायची, आणि पहिली निवड कुणाची हे नाणं उडवून ठरवायचं. १९६९ च्या त्या नाणेफेकीत दोघांनाही हरायचं होतं! कारण जिंकणाऱ्याला त्या साली जन्मलेल्या शिंगरांतून आधी निवडायला मिळणार, पण पुढच्या वर्षी जे एकच शिंगरू होणार होतं ते हरणाऱ्याचं. फिप्स जिंकले. त्यांनी घेतलेल्या घोडीला आयुष्यात एकही शर्यत जिंकता आली नाही. पेनी हरली. ३० मार्च १९७० ला मेडोमध्ये तिच्या वाटणीचं शिंगरू जन्मलं.

आधी रिव्हा रिज नावाच्या दुसऱ्या घोड्याने १९७२ ची डर्बी आणि बेलमाँट जिंकून तबेला सावरला. तो नसता तर सेक्रेटरिएट कदाचित दुसऱ्याच कुणाच्या नावावर पळाला असता. पण रिव्हा रिजचं नाव आज कोण घेतं? घरोघरी असा एक मोठा मुलगा असतोच. घर वर काढतो तो आणि कौतुक होतं धाकट्याचं.

१९७३ च्या जानेवारीत वडील वारले. आणि लगेच वारसा कर उभा राहिला. मालमत्ता मोठी, कर मोठा, रोकड नाही. पुन्हा तोच प्रश्न. काय विकायचं? सेक्रेटरिएट तेव्हा दोन वर्षांचा असताना वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला होता, पण त्याची डर्बी अजून व्हायची होती. घोडा विकला तर कर सहज भागला असता. पेनीने घोडा विकला नाही, त्याचं पुढचं आयुष्य विकलं. म्हणजे असं की शर्यती संपल्यावर प्रजननासाठी त्याचा जो उपयोग होईल त्याचे बत्तीस हिस्से पाडले. एका हिश्शाची किंमत एक लाख नव्वद हजार डॉलर. एकूण साठ लाख ऐंशी हजार. तोवर जगात कुठल्याही घोड्याचा एवढ्या मोठ्या रकमेचा असा सौदा झालेला नव्हता. हे हिस्से विकायचं काम केलं केंटकीच्या क्लेबोर्न फार्मच्या सेथ हॅनकॉकने. तो मुलगा तेव्हा पंचवीसचाही नव्हता. त्याचे वडीलही काही महिन्यांपूर्वीच गेलेले. दोन पोरकी माणसं, एक पन्नाशीची आणि एक विशीतला, आणि फोनवरून लक्षावधी डॉलरचा व्यवहार.

हिस्से फेब्रुवारीत विकले गेले. एप्रिलमध्ये डर्बीच्या दोन आठवडे आधी न्यूयॉर्कला एक शर्यत झाली, त्यात सेक्रेटरिएट तिसरा आला. तिसरा! इतक्या जणांनी पैसे गुंतवलेले. नंतर कळलं की त्याच्या ओठात गळू झालं होतं. पण ते दोन आठवडे त्या बाईने कसे काढले असतील? ह्या दोन आठवड्यांचा पुतळा कुणी करत नाही. तो करताही येणार नाही म्हणा.

पुढचं तुम्हाला वर सांगितलंच आहे. डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट.

आता लगेच तिची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. पेनी काही गरीब बिचारी नव्हती. बापाची इस्टेट होती, शिक्षण होतं, गोरी कातडी होती. तिच्या घोड्याची रोज मालिश करणारा, त्याच्याशी तासन्‌तास बोलणारा मोतद्दार एडी स्वेट हा साउथ कॅरोलायनातला काळा माणूस. १९९८ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या गाठीला फारसं काही नव्हतं असं त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. जॉकी टरकॉट १९७८ मध्ये त्याच बेलमाँटच्या मैदानावर घोड्यावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला तो २०२५ मध्ये मरेपर्यंत चाकांच्या खुर्चीतच. शर्यतीचा धंदा म्हटला की जुगार आला आणि घोड्याचे हालही आले. २००६ ची डर्बी जिंकलेल्या बारबारोचा पाय दोनच आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये मोडला, महिनोन्‌महिने उपचार झाले, शेवटी त्याला मारावं लागलं. त्याचा ब्राँझचा पुतळा अलेक्सा किंग या बाईने केलाय, केंटकी डर्बीच्या मैदानाबाहेर आहे. चारही पाय हवेत. ब्राँझचा पाय मोडत नाही.

आणि पेनीचा संसार? तोही टिकला नाही. त्या यशानंतर थोड्याच काळात घटस्फोट झाला आणि तिने माहेरचं चेनरी नाव पुन्हा लावलं. 'बाई बाहेर पडली की असंच होतं' म्हणणारे तिकडेही असतीलच. मी एवढंच म्हणेन की त्या चार-पाच वर्षांचा हिशेब मांडताना साठ लाख डॉलर जमेला धरायचे आणि हे खर्चात धरायचंच नाही, असं कसं चालेल?

तर पुतळे. सेक्रेटरिएटचे मोठे पुतळे बरेच झाले. न्यूयॉर्कच्या बेलमाँटसाठी इंग्रज शिल्पकार जॉन स्कीपिंगने धावता घोडा केला. (हा स्कीपिंग म्हणजे बार्बरा हेपवर्थचा पहिला नवरा. १९२४ मध्ये रोमला जाण्याची मानाची शिष्यवृत्ती त्याला मिळाली, ती दुसरी आली. आज लिलावात तिच्या शिल्पांना जी किंमत येते तिच्यापुढे त्याची कुठल्या कुठे! असो.) केंटकी हॉर्स पार्कमध्ये एडविन बोगुकीने केलेला पुतळा २००४ मध्ये बसला. त्यात घोडा आहे, पाठीवर टरकॉट आहे आणि लगाम धरून एडी स्वेटही आहे. हे मला फार आवडलं. मोतद्दाराला ब्राँझमध्ये उभं करायची बुद्धी कुणाला तरी झाली. २०१९ मध्ये लेक्सिंग्टन शहरात एका चौकात जोसेलिन रसेल या शिल्पकार बाईने केलेला घोडा उभा राहिला, खऱ्याच्या दीडपट, भरधाव, पाठीवर टरकॉट.

या तिन्हींत पेनी नाही.

तिचाही पुतळा करा, अशी माझी मागणी नाही. पुतळ्यांची आपल्याला काही कमी आहे का! आणि मालकाला घोड्याशेजारी उभं केलं तर तो मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखा दिसायचा धोका असतोच. माझं म्हणणं त्या चार ओळींपुरतं आहे. शर्यतीच्या घोड्याची माहिती द्यायची तर बापाबरोबर आईचंही नाव द्यायची पद्धत आहे. सेक्रेटरिएटच्या आईचं नाव समथिंगरॉयल, ते छापतात. त्या घोडीचं नाव येतं आणि मालक म्हणून येतं 'मेडो स्टेबल'. तबेला! घोडीला नाव आहे, बाईच्या जागी तबेला आहे. फार तर १९७३ च्या कागदांचा दाखला देऊन 'मिसेस ट्वीडी'.

पुतळ्याची किंमत नेमकी कशाची असते हे जरा समजून घेतलं की माझं म्हणणं पटेल. धातूची म्हणाल तर नाहीच. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं, त्यात थोडं कथील किंवा दुसरं काही. तळपाय घासायची आपली काशाची वाटी त्याच कुळातली. मोडीच्या भावाने विकायचा झाला तर टेबलावरच्या घोड्याचे पैसे सांगायलाही लाज वाटेल. शिल्पकार आधी मातीचा घोडा करतो. त्यावरून साचा, साच्यातून मेणाचा घोडा, मेणावर मातीसारखं कठीण कवच. मग भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि पोकळीत तापलेला रस ओततात. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती ओततात तीच ही रीत. कवच फोडलं की घोडा बाहेर. मग सांधे जोडायचे, घासायचं, आणि शेवटी ज्योतीने तापवून रसायनं लावून रंग चढवायचा. सेक्रेटरिएटचा तांबूस रंग असा रसायनांनी आणतात.

एका साच्यातून कितीही घोडे निघू शकतात. म्हणून आधीच जाहीर करतात, आम्ही बाराच काढणार, आणि प्रत्येकावर आकडा कोरतात. ३/१२ म्हणजे बारातला तिसरा. घोड्याचे बत्तीस हिस्से पाडले तसेच हे पुतळ्याचे बारा हिस्से म्हणा ना. घेणारा पैसे मोजतो ते या आकड्याला, शिल्पकाराच्या सहीला, ओतशाळेच्या शिक्क्याला आणि ही वस्तू आजवर कुणाकुणाच्या घरात होती त्या कागदाला. शेवटची ही गोष्ट फार महत्त्वाची. 'अमक्याच्या संग्रहातून' एवढे दोन शब्द किंमत कुठल्या कुठे नेतात. हातोडा पडतो त्या किमतीवर लिलाववाले आणखी आपला आकार लावतात, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. फायदा विकणाऱ्याला होतो आणि लिलाववाल्यांना. अमेरिकेत पुन्हा विक्री झाली तर मूळ शिल्पकाराला त्यातलं काही द्यावं असा देशाचा कायदा नाही. फ्रान्समध्ये आहे, ब्रिटनमध्ये २००६ पासून आहे, आपल्या कॉपीराइट कायद्यातसुद्धा तसं कलम आहे.

म्हणजे बघा, लिलावात विकली जाते ती गोष्टच. धातू नुसता तिचा भार वाहतो. मग गोष्ट विकताय तर पुरी विका! त्यात एलिझाबेथ हॅमचं नाव असू दे, हरलेलं नाणं असू दे, बत्तीस हिस्से आणि ओठातलं गळू असू दे. दोन ओळी जास्त छापायला शाई किती लागते? शिवाय मला तर वाटतं किंमतही वाढेल. व्यवहार म्हणून तरी करा.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या लिलावाच्या यादीत कुणाचं नाव छापलं नाही म्हणून आपण इथे का जीव आटवायचा? कारण कागदावर नाव असणं आणि नसणं यातला फरक आपल्याइतका कुणाला कळणार? वडील अंथरुणाला खिळले की उशाशी कोण बसतं आणि सातबाऱ्यावर कोण चढतं? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. कायद्याने आहे. आणि तरी तहसील कचेरीच्या आवारात हक्कसोडपत्रावर सही करायला भावाबरोबर गाडीतून आलेल्या बहिणी बघा. चहा पाजतात, साडी देतात, सही होते. 'मी बघते' असं तिथे म्हणून पाहिलेली बाई तुमच्या ओळखीत आहे का? असेल तर तिला गावात काय म्हणतात तेही तुम्हाला माहीत असेल.

पेनीने ते म्हटलं आणि निभावलं. वडिलांची जमीन मात्र शेवटी तिलाही राखता आली नाही. सत्तरचं दशक संपेपर्यंत मेडो विकलं गेलं. आज तिथे व्हर्जिनियाची राज्य जत्रा भरते. तिने राखलं ते घोड्याचं नाव. त्याच्या नावाने देणग्या गोळा केल्या, चाहत्यांच्या मतांवर ठरणारा एक पुरस्कार २०१० मध्ये सुरू केला. घोडेमालकांच्या राष्ट्रीय संघटनेची ती पहिली महिला अध्यक्ष झाली, आणि ज्या जॉकी क्लबने एकेकाळी तिच्या घोड्याची नावं परत पाठवली होती त्या पुरुषांच्या क्लबात १९८३ मध्ये ज्या मोजक्या बायकांना पहिल्यांदा घेतलं त्यातली ती एक. ९५ वर्षांची होऊन २०१७ मध्ये गेली.

लिलावाच्या गोष्टीत मला आणखी एक आकडा सांगायचाय, तो कुठल्याच बोलीचा नाही. बेलमाँटच्या त्या दिवशी सेक्रेटरिएटवर पैसे लावणाऱ्यांना दोन डॉलरच्या तिकिटाला दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते. जिंकलेल्या तिकिटांपैकी ५,६१७ तिकिटं कुणी खिडकीवर परत आणलीच नाहीत. जुगार खेळायला आलेली माणसं ती! घरी घेऊन गेली तिकिटं, जपून ठेवली. पुढे त्यांचाही बाजार झाला म्हणा, पण त्या संध्याकाळी पर्समध्ये तिकीट घालून परत निघालेल्या बाईच्या डोक्यात बाजार नव्हता.

आणि प्रीकनेसचं राहिलंच. १९७३ च्या त्या शर्यतीत मैदानावरचं विजेचं घड्याळ बिघडलं होतं. अधिकृत वेळ लागली एक मिनिट चोपन्न सेकंद आणि वर दोन पंचमांश. हाताने वेळ मोजणारे जाणकार तेव्हाही सांगत होते की घोडा यापेक्षा वेगात पळालाय, विक्रम झालाय. कुणी ऐकलं नाही. वर्षं गेली, घोडा गेला. २०१२ मध्ये पेनीने मेरीलँडच्या शर्यत आयोगापुढे अर्ज केला. नव्वद वर्षांची होती. जुन्या चित्रफिती नव्या तंत्राने पुन्हा मोजल्या, साक्षी झाल्या आणि आयोगाने एकोणचाळीस वर्षांनी वेळ दुरुस्त केली. एक मिनिट त्रेपन्न सेकंद. याद्यांत आता तीच छापतात.